ऐच्छिक होती, काका

गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, दुपारी चार वाजता, कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात पानवाल्या काकांवर अन्याय झाला. तो मी केला.

काका विडे विकत नव्हते. बागबाजारात जन्मलेले, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची मदतपाने मराठीत लिहीत. फाइल कशी शोधायची, छपाई अडली तर काय करायचं. चार वर्षं हेच. "नुसतं ‘कळ दाबा’ म्हणजे कुठली कळ? पोटातली?" असं पुटपुटत स्वतःचीच वाक्यं खोडत. प्रत्येक पानाच्या तळाशी स्वतःचा ईमेल आणि एक ओळ : ‘चूक दिसल्यास कळवावे.’ कळवणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर जाई. आधी आभार, मग वाद.

लिनक्समध्ये अशी पाने वेगळ्या पॅकेजात, म्हणजे सुट्या संचात, येतात. ऐच्छिक; हवी तर ठेवा. मंडळाचे संगणक जुने, डिस्क गच्च भरलेल्या. ‘संगणक मराठीत हवा!’ हे पत्रक मीच लिहून घरोघरी वाटलं होतं. आणि जागा करायची म्हणून सगळी ऐच्छिक पॅकेजं मीच एका फटक्यात उडवली. यादी समोर होती. नावं वाचली नाहीत.

त्या शनिवारी, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेल्या जोशीमावशींची छपाई अडली. नेट बंद. "मदत उघडा, सगळं लिहिलंय," काका ऐटीत म्हणाले. पडद्यावर आलं : पान सापडले नाही.

"काका, तुमची पानं संपली की हो!" मावशी म्हणाल्या. सगळे हसले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "ऐच्छिक होती, काका. कोण वाचतं?"

"धुत्! ऐच्छिक म्हणजे वाचणाऱ्याची इच्छा गं. तुझी नव्हे." माकडटोपी चढवली आणि गेले.

पाने मी त्याच संध्याकाळी, नेट आल्यावर परत बसवली. एक ओळ टाइप करावी लागली, बस. जागाही चार फोटोंएवढीच लागली. काका मात्र फिरकले नाहीत. पुढे मुलाकडे नागपूरला राहायला गेले. माझ्या तीन माफीपत्रांना उत्तर नाही. ती तिन्ही पत्रं माझ्या त्या पत्रकासारखीच, घोषणांची झाली होती म्हणा.

तर तुम्ही ‘मराठी मदतपाने’ हे पॅकेज आज बसवा. छपाईच्या पानावर एक चूक आहे. कुठली, ते मी सांगणार नाही. शोधा, पानाच्या तळाशी असलेल्या ईमेलवर काकांना कळवा, आणि ते वाद घालतील तेव्हा माघार घेऊ नका.