बापूजी वर गेले

चहाचा घोट तोंडात असेल तर आधी गिळून घ्या. मागे हे ऐकताना आमच्या साडूंना असा ठसका लागला की पाठीत गुद्दे घालावे लागले. नंतर त्यांची पाठ दुखली, त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं. असो! तर त्या रविवारी मी एका धडधाकट माणसाला मारून मोकळा झालो. शस्त्र? शस्त्र कसलं, चष्मा!

सांगतो, नीट सांगतो.

आम्ही मीरा रोडला शांती नगरात राहतो. मी वाघमारे, मूळचा लातूरकडचा, विमा कंपनीत नोकरीला. बिल्डिंगमध्ये मला सगळे 'टेक्नॉलॉजीवाले वाघमारे' म्हणतात. का, तर आमचे सेक्रेटरी पाटील यांच्या फोनचा आवाज एकदा बंद पडला होता आणि मी बाजूचं बटण दाबून तो चालू केला. बस्स! तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणाचा टीव्ही मुका झाला तरी मला हाक येते.

संध्याकाळी खाली बाकावर आमची मंडळी बसतात. एकदा तिथे विषय निघाला, हा स्मार्टफोन गेल्यावर त्याच्या जागी काय येणार?

पाटील म्हणाले, "घड्याळ येणार. मनगटावरच सगळं."

दुसरे एक जण म्हणाले, "छे! थेट डोक्यात चिप बसवणार, बघा तुम्ही."

"तुमच्या डोक्यात जागा भरपूर आहे, तुमच्यापासून सुरुवात करू," पाटील म्हणाले.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जरा वेळ घेतला. अशा वेळी जरा वेळ घ्यायचा असतो, माणसाचं वजन वाढतं. मग म्हणालो, "चष्मा! लिहून ठेवा. दहा वर्षांनी फोन बघायला म्युझियममध्ये जावं लागेल."

हे मी एवढ्या छातीठोकपणे कसं सांगितलं? कारण चष्मा आदल्याच दिवशी घरी आला होता! आमची मुलगी स्नेहल पुण्याला असते, तिने वाढदिवसाला पाठवलेला. दिसायला साधा, काळ्या फ्रेमचा. पण त्याला स्वतःचं सिम, आणि दांडीत बारीकसा स्पीकर. काचेवर काहीच उमटत नाही, जे काय ते कानात ऐकू येतं. आत एक बाई आहे. अत्यंत सुसंस्कृत. आपण नुसतं बोलायचं, ती मेसेज लिहिते, पाठवते, आलेले वाचून दाखवते. आणि सगळ्यात भारी म्हणजे समोरचा कुठल्याही भाषेत बोलू दे, ती आपल्या कानात मराठी करून सांगते!

मी फोन बंद करून कपाटात टाकला.

"साड्यांच्या घडीत ठेवू नका हं," आमची सुनंदा म्हणाली. "आणि तो चष्मा घालून माझ्याकडे बघत बडबडू नका. मला कळत नाही मला म्हणताय की तिला."

तर आला रविवार. सकाळी मी पोहे खातोय, कानात बाई बातम्या सांगतेय आणि समोर सुनंदासुद्धा काहीतरी सांगतेय. दोन बायका एकाच वेळी बोलत असल्या की नवऱ्याने काय करावं? मी दोघींनाही "हं, हं" म्हणत राहिलो.

"लक्षात राहील ना?" सुनंदाने चपला घालता घालता विचारलं.

"राहील की!"

"आणि जरा मदतीला जा. मी ताईकडे जाऊन येते."

तिची ताई भाईंदर पूर्वेला राहते. सुनंदा गेली. कुणाच्या मदतीला जायचं, कशासाठी जायचं, देव जाणे. मी म्हटलं, असेल काहीतरी.

नऊ-साडेनऊला मी पेपर आणायला खाली उतरलो. लिफ्ट चार दिवस बंदच होती. खाली जिन्यापाशी हंसाबेन उभ्या. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. त्यांचे मिस्टर किरीटभाई, आणि किरीटभाईंचे वडील म्हणजे बापूजी. वय अठ्ठ्याऐंशी. पांढरं धोतर, दारात खुर्ची, हातात जपमाळ. स्नेहल लहान असताना शाळेतून आली की तिच्या हातावर रोज खडीसाखर ठेवायचे. गोड माणूस!

हंसाबेन बहिणीशी फोनवर गुजरातीत बोलत होत्या. डोळे लाल, नाक लाल, पदराने सारखं पुसणं चाललेलं. आता दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, हे मलाही कळतं. पण नवा चष्मा! बावीस वर्षांच्या शेजारात 'केम छो'च्या पुढे न गेलेलो मी. म्हटलं, बघू तरी बाई काय करते. मी बुटाची लेस बांधायला वाकलो. पायात चप्पल होती, पण वाकलो.

हंसाबेन म्हणाल्या, "बापूजी उपर गया."

कानात बाई शांतपणे म्हणाली, "बापूजी वर गेले."

मी वाकलेलाच राहिलो.

हंसाबेन पुढे बोलत होत्या आणि बाई एकेक वाक्य कानात सोडत होती. "सकाळी नऊला गेले. तीच वेळ होती. काही त्रास झाला नाही. चार जणांनी उचलून नेलं. घर रिकामं रिकामं वाटतंय. आता ते खाली येणार नाहीत."

तुम्हीच सांगा, यातून दुसरं काय समजायचं? तुम्हाला समजलं असतं? मला नाही समजलं. डोळे भरून आले हो. ती खडीसाखर आठवली. वाटलं, समोरच्या दाराआड माणूस गेला आणि मी पोहे खात होतो!

हंसाबेननी फोन ठेवला. मी पुढे झालो. "भाभी, हिंमत रखो."

त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "हिंमत तो रखनी पड़ेगी, भाई. अभी सब सामान बाकी है. कोई आदमी भी नहीं मिल रहा."

सामान! अरेरे, बिचारीवर काय वेळ आली! मी छातीवर हात ठेवला. "सामान का टेन्शन मत लो भाभी. आदमी भी मैं लाता हूँ, सामान भी मैं देखता हूँ. आप बस ऊपर जाके बैठो."

हंसाबेनच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "आप भगवान के माफिक आए, भाई!" म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. मला वाटलं, केवढी सोशिक बाई ही, अशा प्रसंगातही हसतेय!

मग काय, माझ्यात कार्यकर्ता संचारला. मी चष्म्याला म्हटलं, "सोसायटीच्या ग्रुपवर लिही. कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपले सर्वांचे लाडके बापूजी यांचे आज सकाळी नऊ वाजता दुःखद निधन झाले."

बाईने विचारलं, "वेळ आणि ठिकाण जोडू का?"

बघा, किती हुशार! मी म्हटलं, "जोड. अंत्ययात्रा अकरा वाजता निघेल. सर्वांनी खाली जमावे. आपला, वाघमारे."

"पाठवू?"

"पाठव."

एका मिनिटात कानात धबधबा सुरू झाला. "पाटील म्हणतात, ओम शांती. जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. तिसरा मजला म्हणतो, ओम शांती. रडका चेहरा, रडका चेहरा, जोडलेले हात…" दीडशे लोकांचा ग्रुप! रिक्षात बसलो तरी बाई हातच जोडतेय. शेअर रिक्षा होती, शेजारच्या काकांना वाटलं मी त्यांच्याशी बोलतोय, कारण मी शेवटी ओरडलो, "अगं बाई, आता गप्प बस! एकही मेसेज वाचू नकोस!"

बाई गप्प झाली. काका पुढच्या नाक्यावर उतरले.

स्टेशनजवळ हार घेतला. झेंडूचा नाही, चांगला गुलाब-निशिगंधाचा, माणसाला शोभेल असा. उदबत्त्या घेतल्या, पांढरं कापड घेतलं. शववाहिनीसुद्धा सांगितली, हो! चष्म्यालाच म्हटलं, "अंत्ययात्रेसाठी जवळची गाडी बोलाव." तिने ताबडतोब बोलावली. या बाबतीत तिला अजिबात शंका आली नाही.

परत आलो तर कंपाउंडमध्ये चाळीस-पन्नास माणसं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पाटील हात मागे बांधून उभे. "वाघमारे, तुम्ही होतात म्हणून," ते हळूच म्हणाले. "आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. पण किरीटभाई-हंसाबेन, दोघांचेही फोन लागत नाहीयेत."

"दुःखात कोण फोन उचलतंय?" मी म्हणालो आणि हार नीट धरला.

तेवढ्यात शववाहिनी गेटातून आत आली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "बॉडी कुठून घ्यायची?"

आणि वरून आवाज आला. सातव्या मजल्याच्या गॅलरीतून. खणखणीत.

"अरे, कोण गयुं?"

कानात बाईने इमानदारीत भाषांतर केलं. "अरे, कोण गेलं?"

मी वर पाहिलं. पांढरं धोतर, हातात जपमाळ, कठड्यावरून वाकून बापूजी बघतायत!

सगळं कंपाउंड वर बघायला लागलं. मग चाळीस-पन्नास डोकी सावकाश खाली आली आणि माझ्याकडे वळली. माझ्या हातात तो हार! आयुष्यात एवढा जड हार मी कधी धरला नव्हता.

झालं होतं असं की, किरीटभाईंनी सातव्या मजल्यावर मोठा फ्लॅट घेतला होता. वारा चांगला येतो, म्हाताऱ्या माणसाला बरं. प्रवेशाचा मुहूर्त नऊचा. लिफ्ट बंद, म्हणून चार भाचे-पुतण्यांनी बापूजींना खुर्चीसकट उचलून वर नेलं. मुहूर्त साधून पोरं आपापल्या कामाला गेली. सामान उचलायला माणसं यायची होती, ती आलीच नाहीत. हंसाबेनचे डोळे जुन्या गाद्यांच्या धुळीने लाल झालेले. नवऱ्याचा फोन आणि स्वतःचा फोन, दोन्ही बॅटरी संपून बंद, वर चार्जिंगला. आणि सुनंदा सकाळी पोह्यांच्या वेळी मला जे सांगत होती, ते नेमकं हेच होतं!

काही जणांना घर बदलायचं माहीत होतं. पण त्यांना वाटलं, नव्या घरात पाऊल टाकलं आणि गेले. पुण्यवान म्हातारा.

किरीटभाई धावत खाली आले. मला वाटलं, आता हातच उचलतात. कसाबसा म्हणालो, "सॉरी किरीटभाई… मैंने सुना, बापूजी ऊपर गए…"

किरीटभाईंनी गाडीकडे पाहिलं, पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. आणि गडी खो खो हसत जिन्यातच बसला! त्याचं बघून पाटील हसले, मग सगळं कंपाउंड. शववाहिनीचा ड्रायव्हरसुद्धा. मी त्याचं भाडं देऊन हात जोडून निरोप दिला.

हंसाबेन जिन्यात येऊन म्हणाल्या, "वाघमारेभाई बोले थे आदमी लाता हूँ. देखो, पचास लाए!"

आणि काय सांगू, त्या पन्नास जणांनी बाह्या वर केल्या. कुणी डबे घेतले, कुणी गाद्या, कुणी देव्हारा. कपाट सहा जणांनी उचललं. पांढरे कपडे काळे झाले, पण अर्ध्या तासात अख्खं घर सातव्या मजल्यावर! वर चहा आणि गाठिया. माझ्या उदबत्त्या देवापुढे लागल्या, पांढरं कापड खिडकीला पडदा म्हणून गेलं. अशी मजेची सकाळ आमच्या बिल्डिंगने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

मी मात्र दाराशीच उभा. आत जायचं तोंड कुठे होतं? शेवटी बापूजींनीच हाताने बोलावलं. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, डोळ्यांसमोर लांब धरलेला किरीटभाईंचा फोन. स्वतःच्याच निधनाची बातमी वाचत होते!

मी वाकून पायांना हात लावला. "बापूजी, माफ कर दो. हमारा बहुत बड़ा गलती हो गया."

"एक नाही, तीन आहेत," बापूजी म्हणाले.

मराठीत! स्वच्छ, कोरं मराठी! मी चष्म्याला हात लावून पाहिला. बाई गप्पच होती.

"हे बघा," त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "'दुःखद'मधला विसर्ग खाल्लाय. 'निधन'चा नि पहिला, तुम्ही दुसरा काढलाय. आणि 'अंत्ययात्रा' एक शब्द आहे, मधे तोडलाय कशाला? माणूस एकदाच मरतो, वाघमारे. निदान शुद्ध तरी लिहावं."

"बापूजी, तुम्हाला मराठी येतं?"

"येतं म्हणजे काय? माझा जन्म कराडचा. मॅट्रिकपर्यंत सगळं शिक्षण मराठीत. मास्तर माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे."

मी खालीच बसलो. "मग बावीस वर्षं माझ्याशी हिंदीत का बोलत होतात?"

बापूजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेने.

"अहो, तुम्ही दारात भेटलात की पहिल्या दिवसापासून 'कैसा है तबियत' करायचात. मला वाटलं, बिचाऱ्याला मराठी येत नसेल."