एका तोंडाची काच

आमच्या वन्सं कुणाशीही बोलायला लागल्या की आधी डावा डोळा मिटून घ्यायच्या. बोलणं संपेपर्यंत तो उघडायचाच नाही. आता तुम्हीच सांगा, विधवा बाई, वय तिशीच्या आत, आणि कळंबसारख्या बाजाराच्या गावात येईल त्याच्याकडं असं बघायचं म्हणजे काय! एकदा आमच्या आडतीवर तूर घेऊन आलेला एक म्हातारा घाबराघुबरा होऊन आमच्या ह्यांना म्हणाला, "शेट, तुमच्या भैनीनं मला डोळा मारला हो." हे पोत्यावरनं उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मारला न्हाय, मिटलाय. तुमच्याएवढ्याला तिला एकच पुरतो."

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या माहेरीच होत्या, आणि त्यांच्या डोक्यात कॅमेऱ्यानं घर केलेलं होतं. येरमाळ्याच्या यात्रेत एक फोटोवाला रंगवलेला पडदा टांगून बसायचा. त्याच्याजवळ उभं राहून जेवढं शिकता येईल तेवढं त्या शिकल्या होत्या. डोळा मिटायचं कारणही तिथलंच. "आपून दोन डोळ्यांनी बघतो, म्हणून माणूस भरीव दिसतं. काचेला डोळा एकच. तिला काय दिसणार हाय ते आधी आपून बघून घ्यावं, मग फसायला होत न्हाय." ना पुस्तक, ना गुरू. त्या वेळी निजामाचं राज्य, शाळेत उर्दू, आणि बाईमाणसाला तर शाळाच नाही. पण ही गोष्ट मी पुढं शिकलेल्या लोकांकडूनही एवढी सोपी करून ऐकली नाही.

हे वेड लागलं कशावरनं, ते सांगते. वन्संच्या लग्नात त्यांच्या सासरच्यांनी, बेंबळीच्या लोकांनी, सोलापूरहून फोटोवाला आणला होता. एवढे पाहुणे जमलेत तर सगळे एकातच घ्या, असं ठरलं. घरासमोर चार रांगा लावल्या. मानाचे म्हातारे पुढं, पोरं जमिनीवर, आणि नवरदेव कुणाच्या तरी पटक्याआड मागच्या रांगेत. फोटो आला तेव्हा त्यात नवरदेवाचं तोंड मोहरीएवढं. वन्सं तेव्हा अंगानं पोरच. मान खाली घालून सासरी नांदायला गेल्या, मान खाली घालूनच राहिल्या, आणि वर बघायची हिंमत होण्याआधी त्यांचा नवरा तापानं गेला. सासूनं 'पांढऱ्या पायाची' म्हणून माहेरी धाडून दिलं. "वैनी," त्या मला म्हणायच्या, "मी त्यांचे पाय सांगीन, हात सांगीन. डाव्या हाताचं करंगळीचं नख काळं पडलं व्हतं, तेबी सांगीन. तोंड मातुर न्हाय सांगता यायचं."

माहेरी त्यांच्या पाटल्या तशाच पडून होत्या. त्या मोडून कॅमेरा घ्यायचा, असं त्यांनी भावाला सांगितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण ह्यांचा बहिणीवर जीव. निजामाचा हाली रुपया सोलापुरात चालायचा नाही, म्हणून ह्यांनी कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, बदलून घेतले, आणि आम्ही तिघं सोलापूरला गेलो.

दुकानदार चांगला माणूस होता. वन्संनी कॅमेऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदराखालनं तो लग्नातला फोटो काढला, त्या मोहरीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तोंड मोठं दिसंल अशी काच द्या."

दुकानदारानं फोटो उजेडात धरला, परत धरला. मग हळूच म्हणाला, "बाई, काच समोर बसलेल्याला जवळ आणते. जो तेव्हाच लांब राहिला, त्याला नाही आणता येत."

मला वाटलं, वन्सं आता उठतील. पण त्यांनी फोटो परत गुंडाळून ठेवला आणि डावा डोळा मिटून दुकानदाराला म्हणाल्या, "मग काय काय हाय ते दाखवा."

त्यानं लाकडी खोक्याचा, तीन पायांवर उभा राहणारा कॅमेरा काढला. त्याला दोन लेन्स होत्या. दोन्ही घेण्याएवढ्या काही पाटल्या नव्हत्या, एकच घ्यायची होती. "नवशिक्यानं ही घ्यावी," पहिली पुढं करत तो म्हणाला. "सगळं कुटुंब मावतं. थोडं पुढंमागं झालं तरी संभाळून घेते. ही दुसरी नाजूक. एक तोंड भरून येतं, पण बसलेलं माणूस जरा झुकलं की पुसट. आणि उजेड भरपूर लागतो." हे म्हणाले, "अक्का, पहिलीच घे. आपल्याकडं एकेकट्याचा फोटो कोण काढतंय? समदं घर बसवत्यात."

वन्संनी मला खुर्चीवर बसवलं, दुसरी काच लावायला लावली आणि काळ्या कापडात डोकं घातलं. बराच वेळ आतच. मग कापडाखालनं आवाज आला, "अगं वैनी! तुझ्या भिवईत देवीचा वण हाय व्हय? चुलीपुढं मांडीला मांडी लावून बसतो की गं आपून, मला दिसलाच न्हाय कधी." बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हीच."

परत येताना आमच्या हद्दीच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं पेटी उघडायला लावली. "माई, इसमें क्या है?" वन्संनी सरळ कॅमेरा उभा केला आणि त्यालाच कापडाखाली घातलं. आतल्या काचेवर माणूस उलटं दिसतं, हे त्याला कुठं ठाऊक? तो आतनंच ओरडला, "अरे, देखो तो, हवालदारसाब उलटे लटके हैं!" मग हवालदारानं त्याला उलटा बघितला. हसून हसून दोघांची पुरेवाट झाली. जकात मात्र सोडली नाही.

त्या रात्रीच्या मुक्कामात वन्संनी मला ही काच का घेतली ते सांगितलं. लग्नात बाया म्हणत होत्या, पोरगा थेट आईच्या तोंडावळ्याचा, मातृमुखी सदासुखी. "त्येंचं तोंड गेलं, पर अव्वाचं हाय की अजून बेंबळीत." सगळं घर सासूला अव्वाच म्हणायचं. "पर एकदम जायचं न्हाय. आधी हात बसू दे. फोटो बिघडला तर दुसऱ्यांदा दार कोन उघडंल मला?"

मग हात बसवायला सुरुवात झाली. दुकानदाराची पितळी तिपाई महाग, म्हणून आमच्या सुतारानं बाभळीचे तीन पाय करून दिले. ते एवढे जड की वारं सुटलं तरी कॅमेरा हलायचा नाही, आणि उचलायला मात्र दोघी लागायच्या. काच त्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यानंच पुसायच्या. आणि एक दोरी होती. तिचं एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसऱ्या टोकाची गाठ बसलेल्या माणसाच्या नाकाच्या शेंड्याला टेकवायची. "नाक गाठीवरनं हललं की गेलं समदं." पोरी खिदळायच्या, म्हाताऱ्या गाठीला हात जोडायच्या. फोटो उमटायच्या, उजेड लागला की बाद होणाऱ्या काचेच्या प्लेटी कोऱ्या आल्या तेव्हा सासूबाईंनी पुडकं सोडून त्या राखेनं लख्ख घासल्या आणि उन्हात वाळत घातल्या. "एवढ्या मळकट काचा धाडल्यात मेल्यानं!" वन्सं हसता हसता खाली बसल्या. रडल्या नाहीत, एवढंच म्हणते.

गावात त्यांची थट्टाच जास्त झाली. जो येईल त्याला सगळं घर पाहिजे, आणि वन्संच्या काचेत एकच तोंड. एक बडे बागाईतदार खिलारी बैलाची दोरी धरून आले, म्हणाले, दोघांचा काढा. वन्संनी आत डोकं घालून सांगितलं, "दादा, एकतर तुमी, न्हायतर बैल. दोघं घेतले तर तुमचा एक कान आन् त्याचं एक शिंग येतंय." त्यांनी मिशीवरनं हात फिरवून जरा विचार केला आणि म्हणाले, "मग बैलाचाच काढा. माझं काय, मला समदे वळखत्यात."

बाया मात्र वन्संकडंच यायच्या. परक्या पुरुषापुढं तोंड उघडं करायचं नाही, म्हणून ज्यांचा जन्मात फोटो निघाला नव्हता अशा बाया. लाजून पदर ओढायच्या. वन्सं काळं कापड डोक्यावरनं घेत म्हणायच्या, "हे बघ बाई, पदर मी घेतलाय. तू काढ आता." मग ती बाई जी बघायची समोर! मी तिथंच दोरी धरून उभी असायची. आपल्याच गल्लीतल्या बाया मला नव्यानं दिसायला लागल्या त्या दिवसांत.

वर्षभरानं वन्सं म्हणाल्या, चल. आडतीची गाडी धाराशिवला माल टाकून पुढं बेंबळीला न्यायची ठरली. येरमाळ्याला मुक्काम, धाराशिवला मुक्काम. मग बेंबळी.

अव्वा ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. एकट्याच. थकलेल्या, पण पाठ ताठ.

"कोन गं?"

"मी. कळंबची," वन्सं म्हणाल्या.

अव्वांच्या हातातली शेंग हातातच राहिली. मला वाटलं, आता ही म्हातारी दाराकडं बोट करणार. त्या घरात आपसात कानडी बोलायचे. अव्वांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि एकच शब्द म्हणाल्या, "बा." म्हणजे ये.

पाणी झालं, गूळ झाला. मग वन्संनी सांगितलं, तुमचा फोटो काढायला आले. अव्वा म्हणाल्या, "माझ्या तोंडात काय ऱ्हायलंय आता?"

"तेच बघाया आले, अव्वा."

आम्ही त्यांना अंगणात बसवलं. मी दोरीची गाठ नाकाला टेकवली, त्या हलल्या नाहीत. वन्सं कापडाखाली गेल्या आणि बाहेरच येईनात. अव्वा समोर त्या काचेकडं बघत होत्या. ओठ फारसे न हलवता म्हणाल्या, "काय बघतीस एवढं? हाय का गं त्यो माझ्यात?"

कापड जरा हललं. "मला काय ठावं, अव्वा? म्या बघितलंच न्हाय कधी. तुमीच सांगा कुठं हाय."

अव्वांचा हात वर आला. दोरीची गाठ बाजूला झाली, पण मी काही बोलले नाही. त्यांनी आपल्या भिवयांवरनं बोट फिरवलं. "ह्या त्येच्याच. नाकबी हेच, फकस्त शेंड्याला जरा बसकं. कान त्येच्या बापाचे, ते सोड." मग हनुवटीला हात लावून थांबल्या. "हितं खळी व्हती. माझ्या हनुवटीला न्हाय ती. तू आपली धर मनात." आणि कापडाखालनं आमच्या वन्संचा आवाज, "धरली, अव्वा."

त्या दिवशी फोटो निघालाच नाही. ऊन कललं होतं. वन्सं म्हणाल्या, उद्या काढू. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ढग हाय. तिसऱ्या दिवशी ढग नव्हता, तेव्हा म्हणाल्या, वारं लई सुटलंय. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. बाभळीच्या त्या तिपाईला वारा काय करणार होता? माझं लेकरू कळंबला सासूबाईंजवळ होतं, मला थांबता येईना. गाडी जुंपली. वन्सं पेटीकडं वळल्या, तेवढ्यात अव्वा ओसरी उतरून अंगणात आल्या. ऊन असं लख्ख की डोळ्यांवर हात धरावा लागत होता. तो तसा धरूनच त्या म्हणाल्या, "आज उजेड बरा न्हाय गं. ऱ्हाऊ दे तिला चार दिस."

वन्संनी माझ्याकडं बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. "वैनी, तू जा म्होरं. उजेड बरा झाला की येते."

चार दिवसांची चार वर्षं झाली. पंचमीला, दिवाळीला त्या येऊन जायच्या, पण पाहुण्यासारख्या. अव्वा आता एकट्या उठत नव्हत्या, त्यांना वन्संच लागायच्या. मग रझाकारांची धामधूम आली, वाटा बंद झाल्या, कोण कुठं आहे ते कुणाला कळेना. त्यातच बेंबळीत वन्सं तापानं गेल्या. आम्हाला फार उशिरा कळलं. अव्वा त्यांच्या मागं राहिल्या. लोक मला अजून विचारतात, मग म्हातारीचा फोटो निघाला का? मी कधी विचारलं नाही. त्या दोघींना त्याची गरज उरली नव्हती, आणि मला पाहिजे होतं ते तोंड अव्वाचं नव्हतं, काळ्या कापडाखालचं होतं.

ती परतीची वाट मात्र जात नाही डोक्यातनं. बेंबळीची शीव ओलांडली आणि गाडी मागं झुकायला लागली, बैलांचं जू वर वर उचलायला लागलं. येताना पुढं वन्सं होत्या, पायाशी ती जड पेटी. गाडीवान म्हणाला, "वैनीसाब, म्होरं सरका. गाडी उलार व्हतीया." मी पुढं सरकले. थोड्या वेळानं तो परत म्हणाला, "अजून सरका." मी त्याच्या पाठीला टेकेपर्यंत पुढं सरकले. शेवटी त्यानं रस्त्यातले दोन धोंडे उचलून पुढं ठेवले, आणि आम्ही तसेच कळंबला आलो.