डांबरात सुई

ताजं, वाफाळतं डांबर दिसलं की बाई विणत असलेलं स्वेटर काखेत धरायच्या, मोकळी सुई डांबरात उभी खुपसायच्या आणि ती जिथवर काळी झाली तिथे अंगठ्याचं नख लावून दाखवायच्या. "बघा भाऊ. ठेक्याच्या कागदावर अडीच बोटं लिहिलीत. ही किती?"

भाऊ म्हणजे मी. दिल्लीतल्या त्या सरकारी क्वार्टर्समध्ये बाई वरच्या मजल्यावर राहायच्या, त्यांचे यजमान मंत्रालयात क्लार्क. मी चौथी शिकलेला, रस्ते खात्याचा रोलर चालवायचो आणि मागच्या एका खोलीत मंदाबरोबर, म्हणजे माझ्या बायकोबरोबर, राहायचो.

एकदा टाकी साफ केली म्हणून एक माणूस सही मागायला आला. बाई गच्चीवर गेल्या, टाकीत हात घातला आणि मूठभर गाळ आणून त्याच्या कागदावर ठेवला. "लो, यह भी फाइल में लगा दो."

ठेकेदाराचा मुकादम त्यांना चिडवायचा, "आंटी, स्वेटर बुन रही हो कि सड़क?"

"सड़क. तुमने फंदे गिरा दिए हैं." फंदे म्हणजे विणीतले टाके.

तेव्हा बाजारात परदेशी टीव्ही आले होते आणि शेजारीपाजारी रविवारी गुडगावात प्लॉट बघायला जायचे. घरापुढच्या रस्त्यासाठी भांडायला कोणाला वेळ नव्हता. 'छोड़ो यार' म्हणायचे आणि बाईंना हसायचे. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल, आणि तुम्हीही हसला असाल. मंदा मात्र हसायची नाही. ती बाईंकडे विणकाम शिकायची आणि घरातलं सगळं तिथे बोलायची.

एका दिवाळीनंतर आमच्याच क्वार्टर्समधल्या रस्त्याचं काम निघालं. जेवताना मी मंदाला बोललो, "इंजिनियर साहेब बघतात त्या कोपऱ्यावर थर पुरा टाकलाय. मागच्या गल्लीत एक बोट आहे." दुसऱ्या दिवशी बाई कोपऱ्यावर थांबल्याच नाहीत. थेट मागच्या गल्लीत गेल्या आणि सुई घातली. संध्याकाळी त्यांची तक्रार गेली.

इंजिनियर साहेब आले तोवर डांबर घट्ट झालं होतं. बाई म्हणाल्या, "खोदकर देखिए."

"नई सड़क खोदूँ? उसका पैसा कौन देगा, माताजी?" मग साहेब माझ्याकडे वळले. "रोलर तूने चलाया. माल पूरा था?"

माझी नोकरी कच्ची होती. पक्की करायची फाईल याच साहेबांच्या टेबलावर पडली होती. मी म्हणालो, "पूरा था, साहेब."

मी घाबरलो होतो. दुसरं काही कारण नाही.

मुकादमानं माझ्याकडे बघतच विचारलं, "फिर आंटी सीधे पीछे की गली में कैसे पहुँचीं? बताया किसने?"

बाई एक शब्द बोलल्या असत्या तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो. त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. "किसी ने नहीं. दिनभर खाली बैठती हूँ, आँखें हैं मेरी."

तक्रार खोटी ठरली. यजमानांना ऑफिसात बोलावून समज दिली. बायकोला आवरा म्हणाले. पावसाळ्यात मागची गल्ली उखडली, आणि बाई त्याच खड्ड्यातून पिशवी घेऊन भाजीला जायच्या. मला बघून म्हणायच्या, "काय भाऊ, ड्यूटी?" तेवढंच. त्या टोमणा मारत्या तर बरं झालं असतं.

मी पक्का झालो. मंदा पेढे घेऊन वर गेली, बाईंनी खाल्ले. खाली आल्यावर मंदा म्हणाली, "अहो, त्यांना एकदा तोंडानं सांगा. माझ्या हाती पेढे काय पाठवता?" मी म्हणालो, उद्या. पुढे यजमान रिटायर झाले आणि मुलानं दोघांना गुडगावात नेलं. माझा उद्या राहूनच गेला.

या वर्षी मंदा गेली. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांतही तिनं विचारलं होतं, "गुडगावला गेलात का?" तेरावा झाल्यावर गेलो.

गेटवर दोन वेळा नाव लिहून घेतलं, मग लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर सोडलं. मुलानं दार उघडलं. आता त्याचेही केस पांढरे झालेत. भिंतीवर बाईंचा फोटो होता, हार घातलेला. दोन वर्षं झाली म्हणाला.

वाटेत बसमध्ये वाक्य जुळवलं होतं, ते दारातच बोलून टाकलं. "त्या दिवशी थर एकच बोट होता. मी साहेबांसमोर खोटं बोललो."

"कसला थर, काका?"

बाईंनी घरातसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं. मी चपला काढल्या, आत जाऊन फोटोसमोर बसलो आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.