गटारीचा झोक

नवीन वसाहतींचे नकाशे तपासणं हे माझं काम होतं, आणि ते मी सेनापतीच्या थाटात करायचो. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध, धुळ्यातली सरकारी कचेरी, टेबलावर अमोनियाच्या वासाची निळी प्रिंट, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट आणि हातात लाल पेन्सिल. रस्त्याची रुंदी, पाण्याची लाइन, गटारीचा उतार, विजेचे खांब. माझ्या एका फुलीनं आख्खा रस्ता जागचा हलायचा! पंचविशीतल्या माणसाला आणखी काय हवं?

एक दिवस समोर आबा येऊन उभे राहिले. धोतर, टोपी, आणि शेत नरडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. त्या शेतात प्लॉट पाडायचा नकाशा त्यांच्या मुलानं दाखल केला होता. मंजुरी मिळाली की लगेच रस्त्यांवर मुरूम पडणार होता. आबांनी निळ्या कागदावर बोट फिरवलं आणि मधल्या रस्त्यावर थांबवलं.

“साहेब, बठ्ठं बेस शे. पण या रस्तामुये मन्हा झोका जास ना!”

मी रत्नागिरीकडचा. अहिराणी कानावर पडायला लागून जेमतेम सहा महिने झालेले. सगळं छान आहे, पण या रस्त्यामुळे काहीतरी जातंय, एवढं कळलं. काय जातंय? मला ऐकू आलं ‘झोक’. झोक जातो म्हणजे कल बिघडतो. रस्त्याखालून गटार जाणार, म्हणजे गटारीचा उतार चुकला! मी गहिवरलोच. जन्मभर या रानाला पाणी दिलेला माणूस. पाणी कुठे वाहतं ते याला नाही तर कुणाला कळणार? लगेच फाइलवर लिहिलं, ‘अर्जदाराच्या वडिलांची झोकाबाबत हरकत. समक्ष पाहणी करावी.’

दुसऱ्या दिवशी लेव्हलचं यंत्र, तिपाई आणि पट्टी धरायला शिपाई असा लवाजमा घेऊन शेतात गेलो. ऊन असं की पट्टीवरचे आकडे नाचत होते. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत उतार मोजला. पुन्हा मोजला. आबा छत्री धरून मागे मागे.

“आबा,” घाम पुसत मी जाहीर केलं, “झोक अगदी बरोबर आहे. कुठेही जात नाही.”

आबांचा चेहरा फुलला. “मंग आते तोडतस नई ना?”

“काय तोडणार?”

“खाले काय देखी ऱ्हायनात, साहेब? वर देखा!”

वर कडुलिंब होता. सकाळपासून यंत्र त्याच्याच सावलीत उभं केलं होतं आणि मला तो दिसला नव्हता, कारण नकाशात तो नव्हता. नकाशात विहीर होती, बांध होता, खांब होते. हा बेटा बरोबर मधल्या रस्त्याच्या पोटात उभा. त्याच्या आडव्या फांदीवर दोराच्या घर्षणानं दोन गुळगुळीत खाचा पडल्या होत्या.

“आखाजीले मन्ह्या तिन्ही आंडेरी येतीन,” आबा म्हणाले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आणि आंडेर म्हणजे लेक, हे शिपायानं माझ्या कानात सांगितलं. “झोका कोठे बांधू? तुमना नकाशाले?”

आमच्याकडे त्याला झोपाळा म्हणतात हो, असं मी म्हणालो नाही. नुसता हसत सुटलो, आणि माझ्यामागून शिपाईही.

प्रत्येक वसाहतीत खुली जागा सोडावीच लागते. ती आर्किटेक्टनं रिवाजाप्रमाणे नाल्याकाठच्या निरुपयोगी तुकड्यात ढकलली होती. मी ती उचलून कडुलिंबाखाली आणली, तिथले प्लॉट नाल्याच्या बाजूला सरकवले आणि मधल्या रस्त्याला, त्याच्यासोबत पाण्याच्या लाइनलाही, वळसा दिला. आर्किटेक्टनं ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडताना मला काय काय म्हटलं, ते राहू दे. झाडाच्या जागी मी गोल काढून आत ‘झो’ लिहिलं.

“हे ‘झो’ काय?” मोठ्या साहेबांनी सही करता करता विचारलं.

“स्थानिक सुविधा, साहेब.”

सही झाली.

आखाजीला आबांचं बोलावणं आलं. पुरणपोळी आणि आमरस इतका झाला की मला बसवत नव्हतं. तिन्ही लेकी उंच झोके घेत गात होत्या. आबांनी त्यांना खाली उतरवलं आणि मला फळीवर बसवलं.

“आते तपासा झोक!” म्हणाले, आणि मागून असा काही धक्का दिला की सेनापतीची चप्पल थेट मंजूर रस्त्यावर जाऊन पडली.