प्लिनिओची निळी गाडी

आमच्या काव्रास्का गावात स्टेशन आहे, गाडी नाही. रूळ उखडून नेले त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. खाली तिकीटघर होतं तिथे माझा बार आहे आणि वरच्या मजल्यावर झिया क्लेलिया राहते. झिया म्हणजे मावशी. ती सख्खी कोणाचीच नाही, पण सगळं गाव तिला झियाच म्हणतं आणि सगळं गाव तिला घाबरतं.

गाडी होती तेव्हा झिया स्टेशन सांभाळायची. कागदोपत्री नेमणूक तिच्या वडिलांची. त्यांचे पाय गेले तेव्हा टोपी हिने डोक्यावर चढवली ती कायमची. तिच्या हातात एक काठी असायची, टोकाला हिरवी थाळी, थाळीला पांढरी कड. झिया आधी वळणाकडे बघायची, मग पुलाकडे, आणि काठी वर करायची. ती वर गेल्याशिवाय गाडी हलत नसे. आत बिशप बसलेला असला तरी नाही.

मग रेल्वे परवडेना म्हणून सरकारने बस आणली. पहिल्या दिवशी सकाळी बस स्टेशनच्या अंगणात उभी राहिली. समोर झिया, डोक्यावर टोपी, हातात काठी. बसला असली परवानगी लागत नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि तिने कानाआड केलं होतं. बसवर एक नवाकोरा पोरगेला ड्रायव्हर होता. त्याने दारं लावली, भोंगा वाजवला आणि तो निघून गेला. झियाचा हात अर्धा वर गेला होता, तो तसाच राहिला. मी शाळेत जायला निघालेली पोर, फलाटावर उभी होते. तो अर्धा हात मी अजून विसरलेले नाही.

त्या दिवसापासून झियाने बसच्या पायरीला पाय लावला नाही. शहरात जायचं तर चीजवाल्याच्या टेम्पोतून, नाहीतर सरळ चालत. एकदा दाढ सुजून तोंडाचा भोपळा झाला होता, तरी बाई बर्फातून चालत खाली गेली.

तो पोरगेला ड्रायव्हर म्हणजे प्लिनिओ. तो काही वाईट माणूस नव्हे. उलट त्याच्याइतका भला माणूस आमच्या खोऱ्यात दुसरा सापडणार नाही. म्हाताऱ्यांच्या पिशव्या दारापर्यंत नेऊन द्यायचा, उशीर झालेल्यांसाठी वळणावर थांबायचा, औषधं, चपला, एकदा तर जिवंत बोकड त्याने शहरातून आणून दिला. पण म्हाताऱ्यांची जीभ मोठी तिखट. "गाडी असती तर आत्तापर्यंत पोचलो असतो," असं त्याच्या पाठीमागे बसून म्हणायचे, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. प्लिनिओ हसून गिअर टाकायचा. आणि रोज अंगणातून निघताना, पुढचं वळण आंधळं म्हणून, त्याला भोंगा वाजवावाच लागायचा. रोज वर झियाची खिडकी धाडकन बंद व्हायची.

निवृत्ती जवळ आली तशी त्याने घराच्या तळघरात गाडी करायला घेतली. आपली गाडी, खोऱ्यातली, निळी. मोटरचा एक डबा आणि मागे एक साधा डबा, दोन्ही मिळून तीन विती लांब.

"नोर्मा," त्याची बायको एर्सिलिया मला म्हणाली, "माझ्या लग्नातले हातमोजे कापले गं याने!"

"कशाला?"

"खिडकीचे पट्टे करायला. ओढून खिडकी खाली करायचा चामड्याचा पट्टा नव्हता का? तो."

मला हसू आवरेना. पण एके दिवशी त्याने मला तळघरात नेलं, हातात भिंग दिलं, आणि माझं हसू कुठच्या कुठे गेलं.

पितळेच्या पातळ पत्र्याचा डबा होता, अजून रंग न दिलेला. पत्र्यावर रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्यांच्या, रांगा होत्या, मोहरीहून बारीक. प्रत्येक रिव्हेट त्याने आतून ग्रामोफोनच्या सुईने दाबून उठवला होता. एक जरी वाकडा गेला तर अख्खी बाजू फेकून द्यायची आणि नवी करायची. बाकं चेस्टनटच्या लाकडाची, फळी फळी वेगळी, आणि बसून बसून झिजतात तशी मधे किंचित खोलगट. सामानाच्या जाळ्या माझ्या आईच्या केसांच्या जाळीतून कापलेल्या. ती जाळी माझ्याकडून काय म्हणून मागून नेली होती देव जाणे. दरवाजाच्या मुठी फिरत होत्या. छतावर तारेतून वीज घेणारी ती दुमडती चौकट होती, बोटाच्या नखाने उचलली तर उठायची आणि सोडली की हळूच खाली बसायची. आत एका भिंतीवर इनॅमलची पाटी होती. भिंग जवळ नेलं तर वाचता आली, 'थुंकू नये'.

मला भीती वाटली, खरं सांगते. माणसाच्या हाताने इतकं होऊ शकतं ही भीती. ज्या हाताने तो बसचं एवढं धूड वळवतो त्याच हाताने हे केलं होतं.

"कोणासाठी करतोयस हे?" मी विचारलं.

भिंग पुसत तो म्हणाला, "झियाने हो म्हणायला हवं. ही आपलीच गाडी, असं ती एकदा म्हणाली ना, की मग मी विचारीन तिला. माझा शेवटचा दिवस यायच्या आत एकदा बसमध्ये बसा म्हणून. एकदाच."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर काय! नाहीच तर म्हणतेय चाळीस वर्षं."

रंगासाठी त्याने जिवाचं रान केलं. फोटो होते ते काळेपांढरे. निळा म्हणजे कुठला निळा, यावर माझ्या बारमध्ये दोन भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. शेवटी त्याला आठवलं की गाडी मोडीत काढली तेव्हा लोकांनी डब्यांचे तुकडे घरी नेले होते. वरच्या वाडीत कोंबड्यांच्या खुराड्याला गाडीचं दार बसवलेलं सापडलं. कोंबड्यांना नवं दार करून देऊन प्लिनिओने ते आणलं, वरची घाण आणि वरचे रंग खरवडले, आणि खाली तो निळा निघाला. दाराचा खिशात मावेल एवढा तुकडा कापून त्याने शहरात नेला आणि हुबेहूब तसा रंग बनवून घेतला. रंगवलेल्या डब्याशेजारी तो तुकडा धरला तर केसाचाही फरक दिसत नव्हता.

हिवाळ्यात एका रविवारी, चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर, त्याने गाडी माझ्या बारच्या काउंटरवर मांडली. लोक श्वास धरून बघत होते. कोणी ग्लासही खाली ठेवत नव्हतं. झिया कॉफी प्यायला खाली आली, लोक बाजूला झाले. तिने चष्मा नाकावर सरकवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. वाकून आत बघितलं.

"पट्टे आहेत," ती म्हणाली.

"आहेत, झिया," प्लिनिओ म्हणाला.

"बाकं बरोबर आहेत." मग ती सरळ उभी राहिली. "पण ही आमची गाडी नाही. ही कोणाच्या मयताला निघालीय?"

प्लिनिओने खिशातून दाराचा तुकडा काढून गाडीशेजारी ठेवला. "झिया, बघा ना, तोच रंग आहे! गाडीचाच आहे!"

"तोच आहे," झिया म्हणाली. "तरी ही ती नाही. का ते मला विचारू नकोस." आणि कॉफी अर्धी टाकून ती वर गेली.

बारमध्ये लोक चवताळले. म्हातारीचं डोकं फिरलंय, जळते ती, असं बोलू लागले. मलाही संताप आला होता. पण प्लिनिओ काउंटरवर दोन्ही हात टेकून गाडीकडे बघत होता. हळूच म्हणाला, "खरंय तिचं. मलाही ती मेलेली दिसतेय. रंगवली तेव्हापासून दिसतेय."

नंतर तळघराला कुलूप पडलं. एर्सिलिया येऊन सांगायची, "मक्याचा पोलेंटा घोटते, ससा करते, ताटाला हात लावत नाही. आणि ते कोंबड्यांचं दार मेलं माझ्या अंगणात पडलंय. वास मारतंय!" शेवटी ती वैतागली. "ते दार तरी उचल. ज्या स्टेशनातून आलं तिथे नेऊन टाक." बायकोचं ऐकायचं म्हणून प्लिनिओने एका सकाळी ते दार बसमध्ये घालून आणलं, फलाटावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि नेहमीच्या वेळी बस घेऊन निघाला.

वसंताचे पहिले दिवस होते, ऊन स्वच्छ होतं. नदीवरचा पूल ओलांडला की रस्ता वळतो आणि स्टेशन समोर पलीकडे दिसतं. तिथे प्लिनिओने बस थांबवली, भर रस्त्यात. दार उघडून खाली उतरला आणि कठड्याला जाऊन चिकटला.

"अरे बाबा, काय झालं?" आतल्या बायका ओरडल्या. "पोट बिघडलं का?"

"बघा!" तो ओरडला. "अहो, बघा तिकडे!"

नदीपलीकडे फलाटावर ते दार उभं होतं, आणि ते निळं होतं. पण हातात धरल्यावर दिसायचा तो निळा नव्हे. फिका, हलका, उन्हात भिजलेला, आमच्या लहानपणचा निळा. बसमधल्या बायकांनी मला नंतर सांगितलं की त्यांतली एक तर रडायलाच लागली.

बस परत आली तसा प्लिनिओ धावत बारमध्ये आला. झिया कॉफी पीत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या टेबलाशी न विचारता बसला.

"झिया, तुम्ही गाडी कुठून बघायचात?"

"कुठून म्हणजे? पुलावर आली की दिसायची ना."

"आणि जवळ आल्यावर?"

"जवळ आल्यावर माझं लक्ष घड्याळावर. गाडी बघत बसायला मी काय प्रवासी होते?"

प्लिनिओने कपाळावर हात मारून घेतला. मला कळेना, तेव्हा त्याने मला समजावलं. आपली गाडी आपण सगळ्यांनी लांबूनच बघितलेली. मधल्या हवेने, उन्हाने तिचा रंग फिका व्हायचा. आणि टेबलावरची इवलीशी गाडी म्हणजे नदीपलीकडून बघितलेलीच गाडी. तिला दाराचा रंग फासला की ती काळवंडणार, मरणार. डोळ्यात होता तो रंग द्यायला हवा, पत्र्यावर होता तो नव्हे.

मग त्याने जे केलं ते करायला छाती लागते. सगळी गाडी त्याने रंग उतरवायच्या पाण्यात बुडवली. बाकं, जाळ्या, पट्टे, सगळं आधी चिमट्याने काढलं. एक रिव्हेट झिजला असता तर वर्षांची मेहनत पाण्यात. निळ्यात थोडा थोडा पांढरा मिसळत तो रोज एक पट्टी रंगवून फलाटावर यायचा, ते दार उन्हात उभं करायचा, पुलापलीकडे जाऊन पट्टी डोळ्यांसमोर धरायचा आणि मान हलवत परत यायचा. वर खिडकीत झिया. खिडकी उघडी.

शेवटच्या आठवड्यात त्याने काउंटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ घातले, वर केसासारखी तार ताणली. गाडी ठेवली.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. माझ्या बारमध्ये मी मारामाऱ्या बघितल्यात, बारसं बघितलंय, एक माणूस मरतानाही बघितलाय. पण ती गाडी ठेवली तेव्हा मी हातातला टॉवेल तोंडावर दाबून उभी राहिले. ती खेळणं वाटत नव्हती. ती लांबून येत होती. प्लिनिओने कळ फिरवली, चौकट तारेला टेकली, आत दिवे लागले, आणि ती आवाज न करता कपबशांमधून निघाली. मला माझी आई तिसऱ्या खिडकीत बसलेली दिसली. खरंच दिसली, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

गाडी झियासमोर येऊन थांबली. झियाने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातलाच नाही.

"हं," ती म्हणाली. "आता ती आहे."

एवढंच. आणि उठून वर गेली.

मी प्लिनिओला ढोसलं, "विचार की! जा, विचार!"

"जीभच उचलली नाही गं," तो म्हणाला. डोळे पुसत हसत होता. "असू दे. हो म्हणाली ना? पुरे झालं."

शुक्रवारी त्याचा शेवटचा दिवस. एर्सिलियाने बसला कागदी फुलं बांधली होती. सकाळच्या फेरीला बस अंगणात उभी होती, आणि जिन्यावर पावलं वाजली. झिया खाली आली. अंगात काळा कोट, डोक्यावर ती टोपी, पतंगांनी खाल्लेली, आणि हातात काठी. हिरव्या थाळीचा रंग उडाला होता, पण पांढरी कड तिने नव्याने रंगवलेली दिसत होती.

ती बसची पायरी चढली. "शहरापर्यंत एक."

"झिया, तुमच्याकडून पैसे..." प्लिनिओ म्हणाला.

"फुकट्यांना मी जन्मात गाडीत चढू दिलं नाही. तिकीट फाड."

त्याने तिकीट दिलं. तिने ते नीट बघून टोपीच्या पट्ट्यात खोचलं. पण ती आत जाऊन बसली नाही. पायरीवरच उभी राहिली, एका हाताने दांडा धरला आणि दारातून बाहेर झुकली. आधी वळणाकडे बघितलं. मग पुलाकडे बघितलं. आम्ही सगळे फलाटावर उभे होतो. मग तिने काठी वर केली, पूर्ण वर.

बस निघाली. वळण आंधळं आहे, पण त्या दिवशी प्लिनिओने भोंगा वाजवला नाही. झियाने बघितलं होतं ना.