वाकळ वाळेपर्यंत

आक्कांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. मैदानावर चाळीस मुलींचा कलकलाट चालू असला की आक्का नुसता उजवा हात वर करायच्या आणि मूठ हळूहळू मिटायच्या, पाखरू धरावं तशी. मूठ पुरती मिटेपर्यंत मैदान गप्प झालेलं असायचं. एखादी नवी मुलगी विचारायची, "आक्का, मग शिट्टी कशाला?"

"आसू दे की. येखाद्या दिशी मीच हरवली तर वाजवीन."

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. चपला हातात, पदर खोचलेला, मागे पोरींचा घोळका, आणि चेहऱ्यावर असं काही की जणू हा घोळका तिच्याबरोबरच जन्माला आला. साताऱ्यात एका शाळेच्या मैदानावर दर शनिवारी दुपारी आमचं मुलींचं स्काउटसारखं पथक भरायचं. सगळं हौसेचं काम. आक्का आठवडाभर स्टँडजवळच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या आणि शनिवारी निळी साडी नेसून मैदानावर हजर. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे, आणि पथकात त्यांच्या हाताखाली होते. त्या मला 'मास्तरीण' म्हणायच्या.

पथकाचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. पण माझ्या मनात ते सलग येत नाही. धुक्यातून डोंगरांची टोकं वर यावीत तसे त्यातले एकेक दिवस वर येतात आणि पुन्हा बुडतात.

पावसात मैदानाचा चिखल झाला की आम्ही व्हरांड्यात गाठी शिकायचो. खांब, दारं, बाकं, मुलींना जे सापडेल त्याला दोर. एकदा शिपाईमामा वर्गातून बाहेर यायला बघतायत आणि दार बाहेरून सात गाठींनी बंद.

"आवं आक्का, घंटा द्यायची हाय मला! सोडा की!"

"जिनं बांधलं तिनंच सोडायचं, मामा. आमचा नियमच हाय त्यो. दमानं घ्या."

बांधणारी पोर गाठ विसरली होती. त्या दिवशी शाळा वीस मिनिटं उशिरा सुटली.

दिवाळीत मुली किल्ला करायच्या. चिखल तुडवून तुडवून पायांना भेगा पडायच्या. आणि उन्हाळ्यात कोरेगावजवळ एका मळ्यातली विहीर. पाठीला प्लास्टिकचा डबा बांधून एकेक मुलगी हिरव्या पाण्यात उतरायची. वरच्या झाडातून ऊन गाळून खाली यायचं, पाण्यावर हलायचं, आणि मुलींच्या किंकाळ्या भिंतींना घुमून परत यायच्या. एकीचे वडील काठावर उभे राहून कुरकुरले, "पोरीस्नी कशाला पवाया पायजे, आक्का?"

"बुडताना काय पोरगा का पोरगी इचारतंय व्हय पाणी?"

ते हसले आणि धोतराचा सोगा सावरत सावलीला जाऊन बसले. आक्कांना स्वतःला पोहता येत नव्हतं, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. पायरीवर बसून, पाय पाण्यात सोडून त्या हरेक मुलीच्या हनुवटीखाली हात धरायच्या, एवढंच. पण तो हात असला की पाणी धरून ठेवतं असं मुलींना वाटायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मैदानाच्या कोपऱ्यात एक मडकं असायचं. आठवड्यात कुणाच्या उपयोगी पडली असेल तिनं शनिवारी येताना त्यात एक चिंचोका टाकायचा. काय केलं, कुणासाठी केलं, ते कुणी विचारायचं नाही आणि तिनं बोलायचं नाही. "केल्यालं बोलून दाखवलं की त्ये उष्टं हुतं," आक्का म्हणायच्या. हा नियम त्यांनी मुलींना शिकवला. स्वतःही पाळला. त्याचा फायदा कुणी घेतला, तेच आता लिहायचं आहे.

मार्गशीर्षात शिबिर असायचं. त्या वर्षी महाबळेश्वरच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेत उतरलो होतो. दोन खोल्यांत मुली झोपलेल्या, प्रत्येकीनं घरून आणलेली वाकळ पांघरून. आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांच्या त्या गोधड्या; कुठली कुणाची हे सगळ्यांना पाठ. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला आक्कांनी मला हलवलं. खांद्यावर एक जड, ओली वाकळ.

"मास्तरीण, आईक. पोरीनं भिजवलीया. अकरा वर्साची हाय, लाजंनं मरायला लागलीया. हितं वाळत घातली तर समद्या वळखतील. मी कुठंतरी चुलीवर धरून वाळवून आणती. पोरी तुझ्या ताब्यात. नाव काढू नको हां."

"किती वेळ लागेल?"

"वाकळ वाळंपतूर."

त्या मुलीला त्यांनी स्वतःच्या अंथरुणात निजवलं, वर आपली शाल घातली, आणि निघाल्या. दारातून बाहेर चार पावलं गेल्या न गेल्या तोच धुक्यानं त्यांना घेतलं. आधी पाय गेले, मग निळी साडी, मग वाकळेचं लाल काठाचं टोक.

त्या दिवशी ऊन पडलंच नाही. धुकं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरून उठायचं, शाळेत शिरायचं, खिडकीतून निघून जायचं. नऊ वाजता न कळवता एक गाडी आली. पथकाच्या समितीच्या अध्यक्षबाई, मुलींसाठी जिलेबी घेऊन. आमच्याकडे नियम होता, शिबिरात कायम दोन मोठ्या बायका हजर पाहिजेत.

"आक्का कुठं आहेत?"

"इथंच गेल्या असतील."

अर्धा तास गेला. जिलेबी वाटून झाली. "तुम्हाला सांगून गेल्या की न सांगता?"

ती मुलगी दारात उभी होती, आक्कांची शाल लपेटून. माझ्याकडे बघत होती. 'सांगून गेल्यात, कामाचं विचारू नका,' एवढं मला म्हणता आलं असतं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. मी म्हणाले, "मला काही बोलल्या नाहीत."

दुपारी आक्का धुक्यातून आल्या. डोक्यावर पोत्यात झाकलेली वाळलेली वाकळ, गाल चुलीच्या धगीनं लाल.

"कुठं होतात तुम्ही?"

"हितंच. येक काम हुतं."

"कसलं काम? मुली टाकून?"

"झालं त्ये," आक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना वाटत होतं की त्या मला सांगून गेल्यात हे मी सांगितलेलं आहे.

साताऱ्यात बैठक झाली. माझ्याकडून लेखी मागितलं. वर्गात फळ्यावर लिहावं तसं मी सुबक अक्षरात लिहून दिलं: आक्का मला काहीही न सांगता शिबिर सोडून गेल्या. कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, दोनदा.

"अक्षर लय देखणं हाय गं तुजं," म्हणाल्या, आणि खाली सही केली.

एक वाक्य बोलल्या असत्या तर मी तिथंच उघडी पडले असते. पण त्या एका वाक्याच्या मागे दुसरं आलं असतं, मग वाकळ, मग ती मुलगी. शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. पुढच्या शनिवारी पथक माझ्या ताब्यात आलं. मी हात वर केला, मूठ मिटली. कुणी गप्प झालं नाही. मी शिट्टी वाजवली.

गावात बोलणं व्हायचं ते झालं. कुणी म्हणे देवदर्शनाला गेल्या होत्या, कुणी त्याहून वाईट काही. दवाखान्यात केसपेपर काढताना बायका त्यांच्याकडे बघून कुजबुजायला लागल्या. वर्षाच्या आत आक्का सांगलीला भाचीकडे राहायला गेल्या. ती कुजबुज माझ्या कानावर यायची, आणि मी वह्या तपासत बसायचे.

चार वर्षांपूर्वी एकदाची मी सांगलीला गेले. गल्लीत हळदीचा वास, अंगणात आक्का शेंगा फोडत बसलेल्या.

"मास्तरीण! ये, बस. वाळलीस गं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी त्या दिवसाची हकिकत काढली, जणू कालची. धुक्यात एका शेतकऱ्याच्या घरी गेल्या. त्या घरच्या बाईनं विचारलं, वाकळ कुणी भिजवली? "आता पोरीचं नाव कसं घेऊ? म्हनलं, मीच! वय झालं, बाई. तर तिनं मला आल्याचा च्या पाजला, मायेनं पाठीवरनं हात फिरवला, वर जाताना रातच्याला तीळगूळ खा म्हनून आवशीद सांगितलं." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं, पण माझं वेगळं होतं.

"आक्का, तेव्हा मी जे लिहून दिलं..."

"पोरीचं नाव काढलंस का कुठं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

"पण लोक तुमच्याबद्दल काय काय बोलले. मी आता सगळ्यांना सांगते."

त्यांचा हात थांबला. "माज्यामुळं आक्काचं असं झालं, हे तिला कळलं तर? ती पोर जल्मभर वलीच ऱ्हाईल गं." आणि माझ्या ओंजळीत सोललेल्या शेंगा ठेवल्या. मी माफी मागायला गेले होते. त्यांनी मला शेंगा दिल्या. परतताना गाडीत मला हलकं वाटत होतं. माझ्या सगळ्या वागण्यात त्या हलकं वाटण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

गेल्या वर्षी आक्का मिरजेच्या एका इस्पितळात वारल्या. ती मुलगी आता तिथंच नर्स आहे. शेवटचे आठ दिवस तिनंच त्यांचं अंथरूण बदललं. पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे साताऱ्याला आली.

"बाई, आक्कांनी पथक का सोडलं होतं? मी विचारलं तर नुसत्या हसल्या."

मी सांगितलं. सगळं, कागदावरच्या वाक्यासकट. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"मी अकरा वर्षांची होते, बाई. तुम्ही?"

"तेहेतीस."

ती उठली. दारात वळून म्हणाली, "माझं नाव घालू नका. पण सांगा. सगळ्यांना सांगा."

गेल्या शनिवारी मी समितीच्या लोकांना मैदानावर बोलावलं. अध्यक्षबाई आता काठी टेकत आल्या. मुलींपुढे उभी राहून मी बोलले. आक्का मला सांगून गेल्या होत्या, एका मुलीची लाज राखायला गेल्या होत्या, मी खोटं लिहून दिलं. ज्या मुलींनी आक्कांना कधी पाहिलंही नव्हतं त्या टक लावून ऐकत होत्या. अध्यक्षबाईंनी मान खाली घातली. पुढं बसलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीनं हात वर केला.

"बाई, मग तवाच का न्हाई सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्या मुलीचं नाव झाकायचं होतं, मी शब्दाला बांधलेली होते. इतकी वर्षं मी ते स्वतःला देत आले होते.

"मला आक्कांची जागा पाहिजे होती," मी म्हणाले.

मग प्रार्थनेची वेळ झाली. मुली उठल्या आणि हात धरून रिंगण करायला लागल्या. मी रिंगणात गेले नाही, बाजूला उभी राहिले. माझ्या रोजच्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या मुली थोडा वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात लांबवले. आधी पुरले नाहीत. सगळं रिंगण एकेक पाऊल आत आलं.