डोहावरची ठकठक

नळी तोंडात होती म्हणून मला ओरडता आलं नाही. काळू नदीच्या डोहात मी पालथा तरंगत होतो. काठावर ठमाबाई दगडावर वरवंटा आपटत होती. ठक, ठक, ठक. पाण्यात तो आवाज अगदी कानाशी वाजला. आणि खालच्या हिरव्या अंधारातून हात-हात लांबीचे मासे सरळ माझ्या छातीकडे यायला लागले.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मत्स्य खात्यात निरीक्षक होतो, नेमणूक मुरबाडला. त्याआधी ट्रेनिंगसाठी मला रामेश्वरच्या बाजूला पाठवलं होतं. तिथे प्रवाळाच्या खडकांवर आम्हाला स्नॉर्केल वापरायला शिकवलं. म्हणजे डोळ्यांवर आणि नाकावर घट्ट बसणारी रबरी काच आणि दातांत धरायची वाकडी नळी. तोंड पाण्यात, नळीचं टोक हवेत. बुडी मारायची नाही. तरंगायचं आणि खाली दिसतील ते मासे मोजायचे. पिवळ्या पट्ट्यांचे, गर्द निळे, पोपटासारख्या चोचीचे. आपण हललो नाही तर ते आपल्याला ओंडका समजून जवळून जातात. ती काच मी मुरबाडला घेऊन आलो, तेव्हा ऑफिसात सगळे हसले होते.

मग एके दिवशी साहेबांनी बोलावलं. "वैशाखऱ्याच्या पुढे एक डोह आहे. त्यात मोठे खडस आहेत म्हणतात. गाव जाळं टाकू देत नाही. तुमची ती नळी घेऊन जा. मला आकडा पाहिजे, निबंध नको."

खडस म्हणजे महासीर, मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा. या डोहाची राखण ठमाबाईच्या घराकडे होती. नव्या भाताची पहिली मूठ माशांना, मग घरात चूल. डोहात कुणी गळसुद्धा टाकायचा नाही.

माझी काच बघून ती म्हणाली, "मासं बगाया माशासारखं तोंड करावं लागतं का वो साहेब?"

"पाण्यात नीट दिसतं, आजी."

"बगा मग. पन हात लावायचा नाय. आन मी त्यांना कशी बोलावते ते कुनाला सांगायचं नाय."

"का?"

"सासरा सांगून गेला. हाक दुसऱ्याला कळली का मासं आपलं नाय राहत."

मी शब्द दिला. एकेचाळीस मासे मोजले. खरं सांगायचं तर प्रवाळावरसुद्धा इतक्या विश्वासाने कुठला मासा माझ्याजवळ आला नव्हता.

रिपोर्ट टाइप करायला मी मैलभरावरच्या, रस्ता बांधणाऱ्यांच्या कॅम्पात गेलो. तिथे क्लार्क होता, मशीन होतं. ओव्हरसीअर खाटेवर आडवा पडला होता. मी सांगत गेलो, क्लार्क बडवत गेला. संख्या, लांबी, खोली. इथे थांबायला हवं होतं. पण दोन माणसं ऐकत होती, म्हणून मी पुढचं वाक्य सांगितलं: "दगडावर दगड आपटल्यास सर्व मासे एकत्र वर येतात."

ओव्हरसीअर उठून बसला. "सगळे? एकदम?"

"एकदम," मी म्हणालो.

"आणि वर किती वेळ राहतात?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्याच्या खाटेमागे सुरुंगाच्या कांड्यांची पेटी होती. खडक फोडायच्या त्या कांड्या कधीमधी नदीतही पडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दणक्याने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. मासे पांगलेले असले तर थोडे मरतात. एकत्र असले तर?

"ते वाक्य खोडा," मी क्लार्कला म्हणालो.

"आता? सगळा कागद परत करावा लागेल, साहेब."

कागद खोडून तरी काय होणार होतं? ऐकणाऱ्याने ऐकलं होतं. चारची एसटी यायची होती. डोहाकडे परत गेलो असतो तर ठमाबाईला सावध करता आलं असतं. पण त्यासाठी शब्द मोडल्याचं तिच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. मी रस्त्यावर उभा राहिलो. एकदा डोहाच्या वाटेला चार पावलं गेलो, परत आलो. एसटी आली. मी चढलो.

सोमवारी मासे स्वतः बघायला साहेब मला जीपमधून डोहावर घेऊन गेले. ठमाबाई खडकावर बसली होती. खडकाला वाळलेले खवले चिकटले होते.

"काल कॅम्पातली मानसं आलती," ती म्हणाली. "माझाच वरवंटा घेतला. माझ्यासारखाच आपटला, तीनदा. मग बार टाकला." मग माझ्याकडे वळली. "तुमी कुनाला बोललात काय?"

"नाही, आजी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट त्यांनी वाचला होता.

मी काच चढवून पाण्यात उतरलो. बराच वेळ नुसता गाळ दिसला. मग एका कपारीत बोटभर लांबीची सात-आठ पिल्लं दिसली. वर ठमाबाईने ठकठक केली. पिल्लं आणखी आत सरकली.

"हायेत का?" मी बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"आहेत. आवाज झाला की आत पळतात."

"बरं झालं," ती म्हणाली आणि वरवंटा पदरात गुंडाळून घरी गेली.

जीपमध्ये साहेब एवढंच म्हणाले, "मी आकडा मागितला होता."

पुढे मी कितीतरी नव्या निरीक्षकांना बजावलं, विचारलं असेल तेवढंच रिपोर्टात लिहा. का, ते कुणाला सांगितलं नाही. ठमाबाईलाही नाही, आणि तिला सांगायला माझ्याकडे, ती जाईपर्यंत, पुढे सहा वर्षं होती.